‘अहोरात्र’ या शब्दाचा हिशेब

‘निवासी डॉक्टर’ या संज्ञेतला निवास भाषेचे अध्यापक म्हणून आम्हांला नेहमीच खटकत आला आहे. २ जानेवारी २०२३ रोजी महाराष्ट्रातील निवासी डॉक्टर संपावर गेले, तेव्हा वसतिगृहांची दुरवस्था ही त्यांची एक तक्रार होती. रुग्णालयाच्या निवाशांनाच निवासासाठी भांडावे लागावे!

परंतु खरा प्रश्न तासांचा आहे. निवासी डॉक्टरांनी सर्वसाधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपर्यंतच काम करावे, असे केंद्र शासनाचे १९९२ सालचे निर्देश सांगतात. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी अहवाल दिला आणि मर्यादा सुचवली ७४ तासांची. बत्तीस वर्षांत सव्वीस तासांची वाढ, आणि तीही दिलासा वाटावी अशी प्रत्यक्ष स्थिती! त्याच अहवालासाठी झालेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या सुमारे ३१ टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे नोंदवले आहे.

यावर सर्रास सुचवले जाणारे उपाय म्हणजे ध्यानधारणा, योगवर्ग, समुपदेशन. समुपदेशनाला आमचा विरोध नाही. ऐन संकटात ते जीव वाचवू शकते. पण छत्तीस तास जागलेल्या मुलीला ‘मन खंबीर कर’ असे सांगणाऱ्या वाक्याचे व्याकरण तपासून पाहावे. वेळापत्रक कोणी आखले, पदे कोणी रिक्त ठेवली, तो कर्ता या वाक्यातून अलगद नाहीसा होतो आणि सगळी क्रिया त्या मुलीच्याच गळ्यात पडते. ‘आम्हीही हेच भोगले’ हा वरिष्ठांचा युक्तिवाद तर सासुरवासाच्या समर्थनाहून निराळा नाही.

‘ताण’ हा शब्दही आम्हांला संशयास्पद वाटतो. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी समाजातील निवासी डॉक्टरने आत्महत्या केली; वरिष्ठ सहकाऱ्यांवर जातीय छळाच्या आरोपाखाली गुन्हा दाखल झाला. अशा प्रकरणाला ‘कामाचा ताण’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना जात उच्चारायचीच नसते.

अर्थात दोष केवळ शासनाचा आणि वैद्यकीय महाविद्यालयांचा नाही. निबंधस्पर्धांचे परीक्षक म्हणून ‘अहोरात्र झटणारा देवदूत’ या शब्दांना आम्हीच वर्षानुवर्षे भरघोस गुण देत आलो. त्यातल्या ‘अहोरात्र’खाली लाल रेघ ओढावी, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.