दोन सेकंदांची छाननी
24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. तो दिवस आम्हाला फार मोलाचा वाटला. पण पुढच्याच वर्षी आलेल्या, विदा संरक्षणावरील न्या. श्रीकृष्ण समितीच्या अहवालातला एक तपशील आजही अस्वस्थ करतो. फोन-संदेशांवर पाळत ठेवण्याच्या आदेशांची फेरतपासणी करणारी समिती दोन महिन्यांतून एकदा बसते आणि दर बैठकीत तिच्यापुढे 15 ते 18 हजार आदेश असतात. सलग आठ तास बसले तरी एका आदेशाच्या वाट्याला जेमतेम दोन सेकंद! तेवढ्यात कागदावरचे नावही धड वाचून होत नाही. सही गृहसचिवांची, तपासणारेही सचिवच; न्यायाधीश कुठेच नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला कधी कळवले जात नाही, मग त्याने दाद मागायची कुठे?

2023च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर सुरक्षेचे, सुव्यवस्थेचे कारण देऊन हव्या त्या सरकारी यंत्रणेला कायद्यातून वगळण्याची मुभाच दिली. दहशतवाद्यांवर नजर हवीच, त्याबद्दल वाद नाही. मात्र प्रत्येक आदेश आधी न्यायाधीशासमोर गेला पाहिजे आणि एकूण आदेशांचा आकडा दरवर्षी संसदेत मांडला गेला पाहिजे, ही आमची मागणी आहे.