जीवशास्त्र अवघड कोणी केले?

माध्यमिक शाळेत जीवशास्त्र अवघड जाते, याचा दोष विद्यार्थ्यांच्या बुद्धीला देणे सोयीचे आहे. परंतु ते खरे नाही. बियाण्याची उगवण, गाईचे वेत, पिकावरील कीड जिने रोज पाहिली, तीच शेतकऱ्याची मुलगी वर्गात ‘हरितलवक’, ‘तंतुकणिका’ हे शब्द अर्थावाचून घोकते. सूक्ष्मदर्शक कपाटात कुलूपबंद आणि पेशी फळ्यावर, अशी अनेक शाळांची स्थिती आहे. पुढे अकरावीत विज्ञानाचे माध्यम बहुतेक ठिकाणी इंग्रजी होते आणि घोकलेले शब्दही निरुपयोगी ठरतात. खासगी शिकवणीचे शुल्क भरू शकणारा तरतो. कष्टकऱ्याचे मूल स्वतःलाच ‘ढ’ समजून विज्ञानाला मुकते.

दुसरी वाट अज्ञात नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात खेड्यांतील मुले परिसरात हिंडून, प्रयोग करून विज्ञान शिकली. २००२ साली तेथील शासनानेच तो बंद केला. उणीव आहे ती राजकीय इच्छाशक्तीची. प्रत्येक शाळेत मुलांना हाताळता येईल अशी प्रयोगशाळा आणि बारावीपर्यंत मराठीतून विज्ञान, या दोन मागण्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून व शाळा व्यवस्थापन समित्यांतून लावून धरल्या पाहिजेत.