पोटाचे दुखणे आणि परंपरेची परीक्षा

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटी ओलांडून उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर विवळवेढे लागते. डहाणू तालुक्यातील हे गाव महालक्ष्मीच्या देवस्थानामुळे साऱ्या पालघर जिल्ह्याला आणि लगतच्या गुजरातलाही परिचित आहे. चैत्री पौर्णिमेला सुरू होणारी येथील यात्रा पंधरवडाभर चालते. देवीपुढे नारळ ठेवणाऱ्यांत पीक, संतती आणि खटले यांचे नवस बोलणारे असतात, तसेच शरीराच्या दुखण्याने गांजलेलेही असतात. वर्षानुवर्षे पोट दुखते, अन्न पचत नाही, आव थांबत नाही, अशी तक्रार घेऊन जगणाऱ्या माणसाला दवाखाना, भगत आणि देऊळ या तिन्ही वाटा सारख्याच जवळच्या वाटू लागतात.

हा अनुभव केवळ वारली पाड्यांपुरता मर्यादित नाही. डहाणू रोडहून पहाटेच्या लोकलने मुंबईला नोकरीसाठी जाणारा कारकून आम्लपित्ताच्या गोळ्या खिशात ठेवूनच घराबाहेर पडतो. त्याचे जेवण अवेळी, झोप अपुरी आणि डॉक्टरची भेट पाच मिनिटांची असते. गोळ्यांनी तात्पुरते बरे वाटते व दुखणे पुन्हा परतते. मग कोणीतरी त्याला सुयांच्या उपचाराचे नाव सुचवतो, कोणी चिनी वनस्पतींच्या पुड्यांची महती सांगतो. पाड्यावरचा मजूर भगताकडे जातो आणि शहरातला कारकून चिनी उपचाराकडे वळतो, या दोन घटनांत वरवर मोठे अंतर दिसते. त्यांचे कारण मात्र एकच आहे. आधुनिक वैद्यकाने ज्याचे दुखणे ऐकून घेतले नाही असा रोगी दुसरे दार ठोठावतो. तेव्हा चिनी वैद्यक खरे की खोटे, एवढाच प्रश्न विचारून हा विषय निकालात निघणार नाही.

चिनी उपचार आणि महाराष्ट्र

महाराष्ट्राचा चिनी वैद्यकाशी असलेला संबंध अगदीच परका नव्हे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्या पथकाच्या पाच डॉक्टरांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच बंगालचे डॉ. विजयकुमार बसूही होते. कोटणीस हे आधुनिक शल्यचिकित्सक होते. ते चीनमध्ये सुया टोचण्यास गेले नव्हते, युद्धातील जखमींवर शस्त्रक्रिया करण्यास गेले होते. परंतु त्यांचे सहकारी बसू पुढे पुन्हा चीनला गेले, तेथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ही विद्या कलकत्त्यास आणली. भारतातील या उपचाराचा इतिहास तेथून सुरू होतो. महाराष्ट्र शासनाने तर २०१५ चा स्वतंत्र अधिनियम करून ॲक्युपंक्चरच्या व्यवसायाला कायद्याची चौकट दिली.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कायद्याची ही मान्यता सुयांच्या उपचारापुरती आहे. चिनी काढे आणि पुड्या यांना ती लागू होत नाही. औषधांविषयीच्या १९४० च्या कायद्यात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी तरतुदी आहेत. चिनी औषधांसाठी तसे प्रकरण नाही. म्हणून जी पुडी कोणत्या वनस्पतीची, कोणी बनवलेली व किती शुद्ध, याचा उलगडा वेष्टनावरून होत नाही, ती घेणारा रोगी कायद्याच्या संरक्षणाबाहेर उभा असतो. ही भीती काल्पनिक नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील एका उपचार केंद्रात वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पती घेतलेल्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्या मिश्रणात ॲरिस्टोलोकिया कुळातील वनस्पती आली होती. त्याच कुळातील ईश्वरी ही आपल्याकडील परंपरागत औषधांतही वापरली जाते, ही गोष्ट स्वदेशी औषधाच्या अभिमान्यांनीही विसरता कामा नये. २००४ मध्ये बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली असता त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा सोमल आढळला होता. अशुद्धतेला राष्ट्रीयत्व नसते.

प्रयोग काय सांगतात

पचनसंस्थेच्या जुनाट विकारांवर चिनी उपचार कितपत चालतो, याची परीक्षा झालेलीच नाही असे नाही. आतड्याच्या चिडखोरपणाला, म्हणजे ज्याला डॉक्टर इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणतात त्या विकाराला, ऑस्ट्रेलियात चिनी वनस्पतींचे औषध देऊन पाहण्यात आले. ११६ रोग्यांवरील या प्रयोगाचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. बनावट औषध घेणाऱ्यांपेक्षा खरे औषध घेणाऱ्यांना अधिक आराम पडला, असे त्यात दिसले. यावरून उत्साह वाढला. परंतु २००६ मध्ये हाँगकाँगमधील तशाच एका प्रयोगात, ११९ रोग्यांमध्ये, चिनी वनस्पतींचे मिश्रण बनावट औषधापेक्षा सरस ठरले नाही. चिनी वैद्यकाची परंपरा जेथे घराघरांत आहे तेथेच हा निर्णय लागावा, हे विशेष.

याहून अधिक विचार करायला लावणारा प्रयोग अमेरिकेत झाला. टेड कॅप्टचुक हे स्वतः मकाव येथे चिनी वैद्यक शिकलेले संशोधक. त्यांनी २००८ मध्ये याच विकाराच्या २६२ रोग्यांवरील प्रयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. रोग्यांचे तीन गट पाडले होते. एका गटाला नुसते प्रतीक्षेत ठेवले. दुसऱ्याला त्वचेत न शिरणाऱ्या बनावट सुया लावल्या, पण उपचारक जेमतेम बोलला. तिसऱ्यालाही तशाच बनावट सुया लावल्या, मात्र उपचारकाने वेळ देऊन, आस्थेने, सारी हकिकत ऐकून घेतली. पुरेसा आराम पडला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ टक्के आणि तिसऱ्यात ६२ टक्के होते. सुई शरीरात शिरलीच नव्हती. जे परिणामकारक ठरले ते उपचाराचा विधी आणि माणसाने माणसाला दिलेला वेळ.

या निष्कर्षाचा अर्थ दुखणे खोटे होते असा करणे अन्यायाचे होईल. मन, मेंदू आणि आतडे यांचा संबंध किती निकटचा आहे, हे त्यातून सिद्ध होते. भगताच्या अंगणात किंवा चिनी उपचाराच्या खोलीत रोग्याला बरे का वाटते, याचे निदान अर्धे तरी येथे आहे. तेथे त्याची नाडी हातात धरली जाते, जेवणाची, झोपेची, घरातल्या कटकटीची चौकशी होते. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्याला एवढे लाभत नाही, आणि याचा दोष तेथील एकट्या डॉक्टरवर लादणेही बरोबर नाही. एका सकाळी शेकडो रोगी तपासणारा डॉक्टर आस्था कोठून आणणार?

विलंबाची किंमत

तथापि बरे वाटणे आणि बरे होणे या दोन गोष्टी नेहमीच एक नसतात. पोटाची प्रत्येक जुनी तक्रार आतड्याच्या चिडखोरपणाची नसते. जठरव्रणाचे कारण चिंता आणि तिखट असे जग दीर्घकाळ मानत आले. बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी त्यामागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असल्याचे दाखवले आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या व्रणासाठी लोक आयुष्यभर पथ्य पाळत, तो प्रतिजैविकांच्या दोन आठवड्यांच्या उपचाराने बरा होऊ शकतो. आतड्याचा क्षय हाही आपल्याकडे फसवा रोग आहे. पोटदुखी, जुलाब, बारीक ताप आणि वजन घटणे अशी त्याची लक्षणे असतात, आणि वेळीच निदान झाल्यास तोही औषधांनी बरा होतो. कर्करोगाच्या बाबतीत तर गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

म्हणून शौचावाटे रक्त पडणे किंवा शौच डांबरासारखे काळे होणे, कारणावाचून वजन उतरणे, गिळताना अडणे, वारंवार उलट्या, पांडुरोग, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, किंवा चाळिशी-पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार, ही लक्षणे असता काढा, सुई आणि नवस या सर्वांच्या आधी तपासणी झाली पाहिजे. अडचण अशी की दुर्बिणीची तपासणी जवळ मिळत नाही. डहाणू-तलासरीच्या गंभीर रोग्याला अनेकदा सिल्वासा, वलसाड किंवा मुंबई गाठावी लागते. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला एका तपासणीसाठी बुडणारे मजुरीचे दिवस परवडत नाहीत. अशा माणसाने भगताची वाट धरली तर त्याला अंधश्रद्ध म्हणून मोकळे होणे सोपे आहे, न्याय्य नाही.

चीनकडून घेण्यासारखे

चीनकडून शिकण्यासारखे काही असेल तर ते पुड्यांत नाही, परीक्षेच्या पद्धतीत आहे. मलेरियावरील औषधाच्या शोधासाठी तेथे १९६७ मध्ये एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. त्यात काम करणाऱ्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथांतील आणि वैद्यांकडील सुमारे २,००० पाठ गोळा केले. गे हाँग या चौथ्या शतकातील वैद्याच्या ग्रंथात चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून तिचा रस पिळून घ्यावा असे सांगितले होते. उकळण्याचा उल्लेख नव्हता. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, हे त्यांनी त्यावरून ताडले, कमी तापमानात ईथरने अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंपरेने दिशा दाखवली, प्रयोगशाळेने सत्य ठरवले. जे पाठ निरुपयोगी निघाले ते सोडून देण्याची तयारीही त्यात होती, हे परंपरेचा गौरव करणारे सहसा सांगत नाहीत.

आपल्याकडेही या वाटेवर पाऊल पडलेले होते. डहाणूच्या जंगलात उन्हाळ्यात पांढऱ्या फुलांनी बहरणारा कुडा आव आणि अतिसारावर वापरला जातो. आयुर्वेदातील कुटज तो हाच. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुड्याचा शास्त्रीय अभ्यास केला होता. मुरुडशेंग तर मराठी घरांत बाळगुटीमुळे सर्वांच्या ओळखीची आहे. दारुहळदीत असलेले बर्बेरीन हे द्रव्य चिनी वैद्यकातील हुआंगल्येन या वनस्पतीतही असते आणि चीनमध्ये ते जुलाबावर गोळीच्या रूपाने विकले जाते. जे शेजाऱ्याच्या पुडीत शोधायचे, ते आपल्या रानात उभे असू शकते. पण रानात उभे आहे म्हणून ते निर्धोक ठरत नाही. मात्रा, शुद्धता आणि अपाय यांची परीक्षा त्यालाही चुकलेली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचे पारंपरिक वैद्यकाचे जागतिक केंद्र २०२२ मध्ये जामनगरला स्थापन झाले. अशा केंद्रांच्या कार्याचा खरा कस विवळवेढ्यासारख्या गावी लागेल. झाडपाला जाणणाऱ्या वृद्धांचे ज्ञान त्यांच्याबरोबर लोपण्याआधी नोंदवले जाते काय, त्यातून काही निष्पन्न झाल्यास त्याचा लाभ त्या पाड्याला मिळतो काय, हे पाहिले पाहिजे. त्याचबरोबर गावातलीच माणसे शिकवून तयार करण्याचा मार्गही महाराष्ट्राला नवा नाही. चीनमध्ये अनवाणी डॉक्टरांची योजना चालू असताना १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले आणि अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून उभे केले. आज गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. पोटाच्या दुखण्यातील धोक्याची सात-आठ लक्षणे त्यांना आणि भगतांनाही शिकवणे, आणि त्यांनी पाठवलेल्या रोग्याची तपासणी तालुक्याच्याच ठिकाणी होईल अशी व्यवस्था करणे, यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

देवीपुढे नवस बोलणाऱ्याला अडवण्याचे कारण नाही, आणि ज्याला सुयांनी आराम वाटतो त्याची थट्टा करण्याचेही नाही. मात्र त्या नवसाआधी त्याच्या पोटात व्रण आहे, क्षय आहे की आणखी काही, हे त्याला कोणीतरी तपासून सांगितलेले असावे. एवढे करणे शासनाच्या हाती आहे. आणि ते होत नाही तोवर रोग्याने कोणते दार ठोठवावे याचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही.