उशाशी कारंजे

हल्ली बाजारात विजेवर चालणारी चिमुकली कारंजी मिळतात. 'उशाशी ठेवा, लक्ष्मी नांदेल', असे विक्रेता सांगतो आणि वर फेंग शुईचा हवाला देतो. या हवाल्याची आम्हांस मोठी गंमत वाटते. कारण त्या विद्येचे बहुतेक जाणकार निजण्याच्या खोलीत पाणी नकोच म्हणतात. मत्स्यपेटीच काय, धबधब्याचे चित्रही नको, असे त्यांतले कित्येक बजावतात.

'फेंग' म्हणजे वारा, 'शुई' म्हणजे पाणी. ग्वो पू (२७६–३२४) याच्या नावावर असलेला या विद्येचा जुना ग्रंथ घरांचा नव्हे, थडग्यांचा आहे. प्राणशक्ती वाऱ्याने पांगते आणि पाण्यापाशी थांबते, हा त्यातला मुख्य विचार. म्हणून पाणी वास्तूसमोर शुभ. शयनगृह पडले विश्रांतीचे. तिथे वाहते, चंचल पाणी काय कामाचे? आमच्या लक्ष्मीविलास राजवाड्यातही (१८९०) दरबार हॉलची कारंजी बाहेरच्या चौकात आहेत.

चिनी परंपरेत पंचतत्त्वांना पाच स्वर वाटून दिले आहेत. ते आपल्या भूपाचेच स्वर. त्यांतला शेवटचा 'यू' हा जलाचा, म्हणजे आपला धैवत. भूपात तो संवादी. त्यालाच वादी केले की देशकार होतो, आणि देशकार तर सकाळचा राग! पाणी वाढले की झोप उडते, असे यावरून म्हणण्याचा मोह होतो. असो, हा विनोद झाला.

विनोद नाही तो पंपाचा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिच्यावर चालणारा असा पंप १०० कंपनांचा सूर धरून बसतो. तंबोरा उतरला तर खुंटी पिळता येते. या सुराला खुंटीच नाही. त्यातून पाणी आटले की तो घरघरू लागतो. दरबारी गाण्याच्या घरात वाढलेल्या कानाला हा रात्रभरचा छळ आहे. बंद खोलीत दमटपणा वाढून कोपऱ्यातला तबला उतरतो, ते निराळेच.

पाण्याच्या झुळझुळीने रस्त्यावरचे भोंगे झाकले जातात आणि काहींना झोप लागते, हे आम्हांस मान्य आहे. त्यांनी कारंजे खुशाल ठेवावे, पण झोपेसाठी. लक्ष्मीसाठी किंवा चिनी शास्त्रासाठी नव्हे. बाकीच्यांनी ते गच्चीत न्यावे आणि निजताना बटण बंद करावे.