जमाखर्च तपासणारा मेंदूतज्ज्ञ

खातेदार कितीही प्रतिष्ठित असो, व्हाउचर पाहिल्यावाचून नोंदीवर बरोबरची खूण करावयाची नाही, हा बँकेतील जुना दंडक. कॅनडातील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हेन्री बार्नेट (१९२२–२०१६) यांनी तो अर्धांगवायूच्या उपचारांना लावला. जन्म इंग्लंडमधील न्यूकॅसलचा, शिक्षण टोरोंटोचे आणि कर्मभूमी ऑन्टॅरिओ प्रांतातील लंडन हे शहर.

त्यांचे रुग्ण प्रामुख्याने पूर्वसूचना मिळालेले होते. हात एकाएकी बधिर होतो, तोंड वाकडे होते, शब्द अडखळतात किंवा एका डोळ्यापुढे पडदा पडतो. काही मिनिटांत सारे पूर्ववत. आपल्याकडील दुकानदार ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुन्हा गल्ल्यावर बसतो. वस्तुतः मोठ्या झटक्याचा धोका लगेचच्या दिवसांतच सर्वाधिक असतो. त्रास थांबला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावयास हवे.

अशा ५८५ रुग्णांवरील कॅनडातील चाचणीचे निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. चार आण्यांच्या ॲस्पिरिनने झटका वा मृत्यू यांचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. लाभ त्या वेळी पुरुषांतच दिसला. स्त्रियांनाही तो होतो, हे पुढील अभ्यासांनी दाखविले. मात्र झटका रक्तस्रावाचा असेल तर हीच गोळी घात करते, म्हणून तपासणीपूर्वी घरच्या घरी ती देऊ नये.

खरी कसोटी पुढे होती. कवटीला छिद्र पाडून टाळूवरील रक्तवाहिनी मेंदूतील रक्तवाहिनीस जोडण्याची शस्त्रक्रिया तेव्हा मोठ्या मानाची होती. तर्क बिनतोड: एक वाट बुजली, दुसरी काढा. बार्नेट आणि सहकाऱ्यांनी १३७७ रुग्णांची दैवगतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी केली; काहींवर शस्त्रक्रिया, इतरांना केवळ औषधे. १९८५ मध्ये हिशेब जाहीर झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांना झटके कमी आले नाहीत. उलट अधिक आणि लवकर आले. नामांकित शल्यविशारद संतापले, रुग्णांच्या निवडीवर आक्षेप आले, पण त्या शस्त्रक्रियेचा प्रसार ओसरला. आपल्याच क्षेत्रातील मातब्बरांची नोंद खोडणे किती अवघड, हे ज्याने कधी लेखापरीक्षण केले आहे त्यास सांगावयास नको.

यावरून बार्नेट शस्त्रक्रियेचे वैरी होते असे मात्र नव्हे. मानेतील कॅरोटिड धमनी आतून साफ करण्याच्या शस्त्रक्रियेची त्यांनी तशीच परीक्षा घेतली. झटका वा पूर्वसूचना येऊन गेलेल्या आणि धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद असलेल्या ६५९ रुग्णांत, दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका केवळ औषधांवर २६ टक्क्यांना, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना, असे १९९१ मध्ये आढळले. शस्त्रक्रियेच्या वेळी आलेले झटकेही या ९ टक्क्यांतच धरलेले आहेत. म्हणजे साधारण सहा शस्त्रक्रियांमागे एक झटका टळला. व्यापारी माणसाला हा भाव तत्काळ कळेल.

१९९८ मध्ये उरलेला हिशेबही आला: ५० ते ६९ टक्के अरुंदीत लाभ बेताचा, ५० च्या खाली नाहीच. हल्ली सरसकट तपासणीच्या पॅकेजमध्ये मानेची डॉप्लर होते आणि अहवालावरील ‘४० टक्के’ हा आकडा पाहून कुटुंब हादरते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न मात्र निराळा असतो: कधी हात बधिर झाला होता का, आणि कोणत्या बाजूचा?