आपल्या लेकरानं ‘मटण नको’ म्हटलं तर?

समथरला माझ्या ताईच्या घरी रविवारी मटण शिजतं, तेव्हा आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली जाते आणि मगच गॅस पेटतो. उन्हाळ्यातही तसंच. घामाघूम होऊन ताई कांदा-खोबरं भाजते, पण खिडकी उघडत नाही.

समथर हे उत्तर प्रदेशातल्या झाशी जिल्ह्यातलं गाव. एके काळी गुर्जर राजांचं संस्थान होतं. संस्थान गेलं, किल्ला राहिला. भाऊजींची बँकेतून इकडे बदली झाली आणि बुलढाणा जिल्ह्यातलं आमचं बौद्ध कुटुंब बुंदेलखंडात येऊन राहिलं. माझं पीएचडीचं काम शाळांमधल्या मध्यान्ह भोजनावर आहे. त्यासाठी मी झाशी जिल्ह्यातल्या शाळा फिरते, मुक्काम ताईकडे असतो.

घर भाड्यानं घेताना मालकानं जात विचारली नाही. ‘खाना-पीना कैसा है?’ एवढंच विचारलं. हा प्रश्न काय शोधतो, हे तुम्हाला सांगायला नको. पुण्या-मुंबईत फ्लॅट शोधताना तुम्हीही तो ऐकला असेल. भाऊजी म्हणाले, ‘कभी-कभार.’ त्या खोट्याचं भाडं ताई दर रविवारी खिडकी लावून भरते.

मागच्या महिन्यात अशाच एका रविवारी माझ्या दहा वर्षांच्या भाचीनं ताट पुढे सरकवलं. म्हणाली, ‘मी आजपासून मटण खाणार नाही. कोंबडी पण नाही.’

भाऊजींचा घास हातातच राहिला. ‘कुणी शिकवलं हे तुला? शाळेत कोण काय बोललं?’ ती गप्प. त्यांचा आवाज चढला. ‘आपल्या घरात हे चालणार नाही. आपण बाबासाहेबांची माणसं आहोत. उद्या म्हणशील, देवघर पण पाहिजे!’ त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्या ताटात दोन फोडी वाढल्या. ‘खा.’ तिनं रडत रडत एक फोड तोंडात घातली आणि मोरीत जाऊन ओकली.

भाऊजी वाईट माणूस नाहीत. त्यांचा राग मला कळतो, कारण तो माझाही आहे. बँकेत डबा उघडला की शेजारची खुर्ची सरकते, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलंय. ज्या अन्नावरून आपल्याला हिणवलं गेलं, तेच अन्न लेक नाकारते, तेव्हा बापाला वाटतं की ती आपल्यालाच नाकारतेय. पण त्या दिवशी त्या घरात जे झालं, त्याला मी स्वाभिमान म्हणणार नाही. ती जबरदस्ती होती. लेकराच्या तोंडात बळंच कोंबलेला घास विद्रोहाचा होत नाही.

संध्याकाळी मी तिला गच्चीवर नेलं. हळूहळू दोन गोष्टी बाहेर आल्या.

पहिली: तिनं शाळेच्या डब्यात अंडाभुर्जी नेली होती. सोबतच्या मुलीनं नाक दाबलं आणि बाक बदलला. बाईंनी वर्गासमोर सांगितलं, ‘घरी सांग, डब्यात असलं देऊ नका.’ तेव्हापासून ती डबा मांडीवर झाकून खाते.

दुसरी: शेजारच्या घरी शेळीला पिल्लं झाली होती. ही रोज त्यांना बोरीचा पाला खाऊ घालायची. एक दिवस त्यातलं एक दिसलं नाही. कुठं गेलं, ते तिला कुणी सांगितलं नाही. पण तिला कळलं.

मी विचारलं, ‘उद्यापासून शाळेत कुणी म्हणजे कुणीच नाक दाबलं नाही, सगळ्यांनी तुझी भुर्जी वाटून खाल्ली, तर तू मटण खाशील का?’ तिनं बराच वेळ विचार केला. म्हणाली, ‘भुर्जी खाईन. मटण नाही. मला ते पिल्लू दिसतं.’

हे उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. आपण मोठी माणसं वर्षानुवर्षं ज्या दोन गोष्टींची गल्लत करतो, त्या या पोरीनं एका वाक्यात वेगळ्या केल्या. लाज एकीकडे आणि करुणा दुसरीकडे. शाळेनं दिलेली लाज तिनं परत केली. करुणा मात्र तिची स्वतःची होती, ती तिनं ठेवली.

समाजशास्त्र शिकलेल्यांना एम. एन. श्रीनिवासांचं ‘संस्कृतीकरण’ पाठ असतं. 1952 च्या कूर्गवरच्या पुस्तकात त्यांनी ते मांडलं. खालची मानलेली जात वर चढण्यासाठी मांस सोडते, दारू सोडते, वरच्यांच्या चालीरीती उचलते. भाऊजींना तीच भीती आहे आणि ती खोटी नाही. शिकून नोकरीला लागलेली, सोसायटीत राहायला गेल्यावर ‘आम्ही आता प्युअर व्हेज’ म्हणणारी आपलीच माणसं मी पाहिली आहेत. त्यांनी मांस सोडलं नव्हतं, नातं सोडलं होतं. गावाकडून आलेल्या आईला सुकट भाजू द्यायची नाही, हा त्यांचा शाकाहार.

पण सोडण्याची दुसरीही एक परंपरा आहे आणि ती आपली आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या गुरांचं मांस खाणं सोडा, असं सांगितलं. त्यावर आपल्या माणसांनी ते सोडलं. माझी पणजी त्यांतलीच, असं आजी सांगायची. ‘उपाशी राहू, पण पडाचं खाणार नाही.’ गावानं त्याबद्दल शाबासकी दिली नाही. उलट मेलेलं ढोर ओढायला नकार दिला म्हणून अनेक गावांत आपल्या माणसांवर बहिष्कार पडले. पणजी वरच्यांसारखी दिसावी म्हणून सोडत नव्हती. वरच्यांनी लादलेलं काम आणि त्या कामाची मजुरी म्हणून मिळणारं ते मांस, दोन्ही ती एकदम नाकारत होती.

म्हणजे प्रश्न काय सोडलं हा नाही. कुणाच्या नजरेसाठी सोडलं, हा आहे. वरच्याच्या नजरेत बसण्यासाठी सोडलं तर ती गुलामी. स्वतःच्या विवेकासाठी सोडलं तर ते स्वातंत्र्य. बाहेरून दोन्ही ताटं सारखीच दिसतात. म्हणून ताटाकडे बघून निकाल देता येत नाही, लेकराला विचारावं लागतं. भाऊजींनी विचारलं नाही. त्यांनी ताट पाहिलं आणि निकाल दिला. बाकावरून उठून गेलेल्या त्या मुलीनंही तेच केलं होतं.

‘आपण बाबासाहेबांची माणसं’ म्हणून मटण खायलाच पाहिजे, असं म्हणणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. हा नियम कुठून आणला? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला आपण ज्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. मांस खाण्याची सक्ती नाही आणि बंदीही नाही. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात देवदत्ताची गोष्ट येते. त्यानं बुद्धांकडे पाच मागण्या केल्या. त्यांतली एक अशी की भिक्खूंनी आयुष्यभर मासे-मांस खाऊ नये, असा नियम करावा. बुद्धांनी तो नियम केला नाही. ज्याची इच्छा असेल त्यानं पाळावं, पण सगळ्यांवर बंधन नको, अशी त्यांची भूमिका होती. मला वाटतं, आपल्या घरांना एवढं एक सूत्र पुरेसं आहे. ‘कुणीच खाऊ नये’ म्हणणारा देवदत्त आणि ‘सगळ्यांनी खाल्लंच पाहिजे’ म्हणणारा आपला कार्यकर्ता, दोघंही दुसऱ्याच्या ताटावर बसलेले आहेत.

आता देवदत्तांकडे वळू, कारण आज सत्ता त्यांच्या हातात आहे.

उत्तर प्रदेशच्या मध्यान्ह भोजनात सोमवारी फळ आहे, बुधवारी दूध आहे. अंडं कुठल्याच वारी नाही. मागायची सोयही नाही. महाराष्ट्रानं 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. जे खात नाहीत त्यांना केळं किंवा दुसरं फळ. चांगला निर्णय होता, दोन्ही मुलांची सोय होती. मग 2025 च्या जानेवारीत सरकारनं अंड्यांचा निधीच काढून घेतला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणी गोळा करावी, म्हणाले. 2023 मध्येच आयआयटी मुंबईच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी सहा टेबलं राखून ठेवली गेली आणि त्याविरुद्ध तिथं बसून मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाला. आणि याच उत्तर प्रदेशात, दादरीजवळच्या बिसाहड्यात, 28 सप्टेंबर 2015 च्या रात्री घरात गोमांस असल्याच्या अफवेवरून मोहम्मद अखलाक यांना जमावानं ठार मारलं.

हा शाकाहार माझ्या भाचीचा नाही. तिला पिल्लाची दया आली. यांना पिल्लाशी काही देणंघेणं नाही, यांना माणसं वेगळी बसवायची आहेत. 2019 मध्ये मिर्झापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत मुलांना चपाती आणि मीठ वाढलं गेलं. ते ताट शंभर टक्के शाकाहारी होतं. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत. उलट ते जगासमोर आणणाऱ्या पत्रकारावरच गुन्हा दाखल झाला.

म्हणून लेकराला पाठिंबा द्यायचा म्हणजे ‘बरं, नको खाऊ’ म्हणून मोकळं होणंही नाही. आपल्या घरात शाकाहारी मूल वाढवायला पैसा आणि अक्कल दोन्ही लागतं. वरच्या जातींचा शाकाहार दूध, तूप, पनीर आणि सुकामेव्यावर उभा असतो. आपल्याकडे मांस काढून घेतलं की उरते भाकर आणि चटणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या. माझी भाची पाच वर्षांनी त्या वयात जाईल. तेव्हा तिची करुणा तिच्या हिमोग्लोबिनमधून वसूल व्हायला नको.

आम्ही ताईच्या स्वयंपाकघरात बसून हिशेब केला. बुंदेलखंडात हरभरा आणि मसूर भरपूर पिकतो. रोज एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ, वर लिंबू पिळून, कारण आंबटामुळे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा बंद. रोज दूध आणि दही. बी-12 डाळ-भाजीतून मिळत नाही, ते दुधातून आणि अंड्यातून येतं. अंडं खायची तिची तयारी आहे, तर तिच्यावर ‘मग तू कसली शाकाहारी’ म्हणून हसायचं नाही. वर्षातून एकदा रक्त तपासायचं. पुढे तिनं अंडं-दूधही सोडायचं म्हटलं तर डॉक्टरांना विचारून बी-12 च्या गोळ्या द्यायच्या.

एवढं झाल्यावर मी तिच्याकडूनही तीन गोष्टी मागितल्या. आजी मटण खात असताना नाक मुरडायचं नाही. ‘आम्ही शुद्ध’ हा शब्द तोंडातून काढायचा नाही, आणि पातेलं वेगळं, चमचा वेगळा हे या घरात चालणार नाही. तिसरी गोष्ट, उद्या पुन्हा खावंसं वाटलं तर लाजायचं नाही. ‘आणि बाबांनी मला जबरदस्ती करायची नाही,’ ही चौथी तिनं घातली.

तिच्या हक्काला कागदाचाही आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारावर भारत 1992 पासून बांधील आहे. मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं आणि त्याच्या विवेकाचं स्वातंत्र्य मानायचं, हे त्या करारात लिहिलेलं आहे. आयआयटीतल्या विद्यार्थ्यासाठी आपण ज्या हक्कानं भांडतो, तोच हक्क घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला नाकारला, तर आपल्या भांडणात दम राहत नाही. ‘आमच्या ताटात डोकावू नका’ म्हणायचं असेल, तर आपणही लेकीच्या ताटात हात घालायचा नाही.

राहिली खिडकी. शाळेनं भाचीला लाज दिली, हे खरं. पण लाजेचा पहिला धडा तिनं आमच्याच स्वयंपाकघरात घेतला, दर रविवारी, आईच्या हातानं कडी लागताना पाहून. तिला दोष देण्याआधी भाऊजींनी, ताईनं आणि मीही याचं उत्तर द्यायला हवं. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत बोंबील भाजताना मीसुद्धा अगरबत्ती लावलेली आहे.

भाऊजी अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. पण परवाच्या रविवारी त्यांनी स्वतः मसुराची आमटी वाढली तिला, आमच्या मटणाच्या पातेल्याशेजारीच ठेवलेल्या पातेल्यातून. खिडकीपाशी ताई थोडा वेळ उभी राहिली. मी म्हणाले, ‘राहू दे उघडी.’ तिनं अर्धी उघडी ठेवली.

मालक काय म्हणेल, माहीत नाही. घर सोडावंही लागेल कदाचित. समथरमध्ये दुसरं घर मिळणं सोपं नाही, हे भाऊजींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण पुढच्या घरमालकानं ‘खाना-पीना कैसा है’ विचारलं, तर ‘कभी-कभार’ म्हणायचं नाही, एवढं त्या रात्री जेवताना ठरलं. ‘आम्ही खातो, आमची मुलगी खात नाही, आणि आम्ही सगळे एकत्र बसतो,’ असं सांगायचं.

जय भीम!