माणूस मिळत नाही, की माणूस टिकत नाही?

नागापूर एमआयडीसीत एक चक्कर मारा. कुठल्या ना कुठल्या गेटवर कागद चिकटवलेला दिसेलच : 'पावडर कोटिंगसाठी अनुभवी पेंटर पाहिजे.' पावसाने अक्षरं पुसली की नवा कागद लागतो. सुप्याकडेही तीच गत. आणि कारखानदार चार जण चहाला बसले की एक वाक्य ठरलेलं असतं, "अहो, आजकाल माणूसच मिळत नाही. पोरांना काम नको, मोबाईल पाहिजे."

मी पेंट शॉपमध्ये अकरा वर्षं काढली. सुरुवात हँगरवर पार्ट लटकवण्यापासून, मग गनवर, शेवटी सुपरवायझर. त्यामुळे हे वाक्य आता ऐकवत नाही. माणूस मिळतो, साहेब. टिकत नाही. आणि का टिकत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

बाहेरच्यांना वाटतं, रंग मारणं म्हणजे काय मोठं? जरा ऐका. पत्र्याचा पार्ट आला की आधी त्याचं तेल काढायचं, गंज काढायचा, धुवायचा, फॉस्फेटिंग करायचं, पुन्हा धुवायचा, वाळवायचा. त्यानंतर पावडर. ती गन हजारो व्होल्टवर चालते. साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा थर सगळीकडे सारखा बसला पाहिजे. आतल्या कोपऱ्यात पावडर जातच नाही, तिथे हात कसा फिरवायचा हे पुस्तकात वाचून येत नाही. मग १८० ते २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये भाजायचं. एका टाकीचं प्रमाण चुकलं तर आज पार्ट चकाचक दिसतो आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या दारात पापुद्रे निघतात. परत आलेल्या पार्टचा जुना थर काढा, पुन्हा टाक्यांतून काढा, पुन्हा भाजा. पावडर, गॅस, वीज, मजुरी सगळं दुप्पट.

एवढं सगळं ज्याच्या मनगटावर अवलंबून, त्याला आपण काय म्हणतो? 'हेल्पर.' तोही ठेकेदाराचा.

पारनेरकडचा एक पोरगा आमच्याकडे होता. आयटीआय झालेला, हात चांगला. तीन महिने नुसतं लोडिंग केलं. एक दिवस गनवाला आला नाही म्हणून याच्या हातात गन दिली. शिकवलं कुणी? कुणीच नाही. लॉट रिजेक्ट झाला आणि ठेकेदाराने त्याची चार दिवसांची हजेरी कापली. मी तेव्हा सुपरवायझर होतो. गप्प बसलो. ते अजून खुपतं. पोरगं आठवड्यात निघून गेलं, आता टेम्पो चालवतं. त्याच्या जागी गेटवर कागद लागला : 'अनुभवी पेंटर पाहिजे.' अनुभव घ्यायला आलेल्याला हाकललं, आणि आता अनुभवी पाहिजे!

तब्येतीचं तर बोलूच नका. टू-पॅक पीयू पेंटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने दमा जडतो आणि एकदा शरीराने ते धरलं की पुढे थोड्याशा वाफेनेही श्वास अडकतो. त्यासाठी बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. आम्हाला काय होतं? तोंडाला बांधलेला रुमाल. कारखाने कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीनंतर धोकादायक प्रक्रियांच्या उद्योगांची जी यादी आली, तिच्यात रंग आणि रंगद्रव्यांचा उद्योग होता. म्हणजे रंगात धोका आहे हे सरकारला कळून जमाना झाला. शॉपवर मात्र ऑडिट असेल त्या दिवशी कपाटातून मास्क निघतात आणि संध्याकाळी परत कपाटात जातात. हे पाहिलेला पोरगा आपल्या धाकट्या भावाला या कामावर आणेल का?

आणि या धंद्यात पैसा नाही, असं कुणी सांगू नये. बिर्लांनी १० हजार कोटींची तयारी करून २०२४ मध्ये ओपस बाजारात आणला. सहा कारखाने, त्यातला एक आपल्या महाडला. जेएसडब्ल्यूने २०२५ मध्ये अ‍ॅक्झो नोबेल इंडिया घेण्यासाठी जवळपास ९ हजार कोटींचा सौदा जाहीर केला. एशियन पेंट्स साताऱ्याच्या खंडाळ्यात, बर्जर जेजुरीत. या सगळ्यांना जाणकार माणसं लागतात. रंगाचं शिक्षण देणाऱ्या संस्था किती? मुंबईची जुनी यूडीसीटी म्हणजे आताची आयसीटी, नागपूरची एलआयटी, जळगावचं विद्यापीठ, अशी मोजकीच नावं. तिथला पोरगा मोठ्या कंपनीत जाणार. नगरच्या जॉबवर्कवाल्याकडे तो का येईल?

आपल्या जिल्ह्यात कॉलेजं कमी आहेत का? लोणी, कोपरगाव, संगमनेर, विळद घाट. पण तिथून मेकॅनिकल करून आलेल्या पोरांना कोटिंगची जाडी कशी मोजायची हे मी शॉपवर उभं राहून शिकवलंय. चार वर्षांत त्यांनी ते मीटर हातात धरलं नव्हतं. ज्या नगरमध्ये लुना तयार झाली, तिथे रंगकामाला अजून 'शिक्षण' समजत नाहीत.

आता छोट्या मालकाची बाजू. तीही खरी आहे. स्क्वेअर फुटाचा दर मोठी कंपनी ठरवते. पावडर महागली, गॅस महागला, दर मात्र तोच. एमएसएमई कायदा सांगतो, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या. तीन-तीन महिने बिल अडकलेले मालक मी पाहिलेत. फोन करायचीही भीती, काम दुसऱ्याकडे गेलं तर? हे मान्य. पण वरच्याने तुम्हाला पिळलं म्हणून तुम्ही खालच्याला पिळणार आणि वर म्हणणार की पोरं आळशी? भांडायचं तर वर भांडा. सगळे मिळून भांडा.

सरकारी योजनांचं काय झालं तेही बघा. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला ६ हजार, आयटीआयवाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन, तेही सरकारच्या खिशातून. फुकटचा हात मिळाला म्हणून पोरं घेतली, झाडू मारून घेतला, मुदत संपली, 'नमस्कार.' प्रशिक्षण कुठंय?

नुसती टीका नको म्हणून चार गोष्टी मागतो.

एक, ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ते कागदावर नको, गनवर घ्या. स्टायपेंडचा काही वाटा केंद्र सरकार देतं.

दोन, नागापूर आणि सुप्याच्या कारखानदारांनी मिळून आयटीआयमध्ये एक कोटिंग शॉप उभं करावं. टाक्या, गन, ओव्हन, मीटर. एकट्याला जड जाईल, वीस जणांना नाही.

तीन, गनवर दोन वर्षं काढलेल्या माणसाला 'कोटिंग टेक्निशियन' म्हणा. कंपनीच्या पटावर घ्या, पगाराच्या पायऱ्या ठरवा. पोराचं लग्न जमवताना 'हेल्पर' आणि 'टेक्निशियन' यात काय फरक पडतो, हे मालकांना माहीत नसेल, त्याच्या आईला विचारा.

चार, मास्क. रोज. ऑडिट असो वा नसो.

आपण लोखंडाला गंज लागू नये म्हणून सात-सात टाक्या ठेवतो. माणसाला लागलेल्या गंजासाठी एक तरी टाकी ठेवा. नाहीतर गेटवरचा तो कागद बदलत बसा.

ज्यांनी गन चालवलीय त्यांनी आपला अनुभव लिहा. आणि मालक मंडळींनो, राग आला असेल तर या, बसून बोलू. चहा माझ्याकडून.